रिसेप्शनला पाहुण्यांसाठी कोणते खेळ घ्यावेत? आधी रांगेकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात. सकाळी मुहूर्त, संध्याकाळी सात ते साडेदहा दादरच्या एका हॉलमध्ये रिसेप्शन. पाहुणे ३५०, त्यातली नवऱ्याकडची बरीचशी मंडळी नाशिकहून बस करून येणार. डीजे नको, आजी-आजोबा भरपूर, बजेट बेताचं. 'लोक येतात, रांगेत उभे राहतात, फोटो काढतात, जेवतात आणि जातात. कुणी कुणाशी बोलत नाही. सगळ्यांना मजा येईल असे खेळ सुचवा.' आणि शेवटी एक ओळ: 'बाबा चार वर्षांपूर्वी गेले, आईला या सगळ्यात अवघडल्यासारखं व्हायला नको.'

ताई, मी अठरा वर्षं मुंबई-ठाण्यात लग्नांचं निवेदन करते. त्याआधी गिरगावातल्या आमच्या मंगळागौरीच्या गटात होते. खेळ सांगतेच, पण ते कधी आणि कुठे घ्यायचे हे आधी ठरवू या. चांगला खेळ चुकीच्या वेळी घेतला की तो पाहुण्यांना शिक्षा वाटतो, हे मी स्वतः करून बसले आहे.

तुमचा हिशेब मांडून बघते. ३५० पाहुणे म्हणजे साधारण शंभर कुटुंबं किंवा गट. एका गटाने स्टेजवर चढायचं, ओळख करून द्यायची, पाकीट द्यायचं, फोटोला उभं राहायचं आणि उतरायचं, यात घाई केली तरी एक मिनिट जातं. पत्रिकेवर सात लिहिलेलं असतं. मेकअप आणि जोडीचे फोटो आटपून नवरा-नवरी स्टेजवर येतात पावणेआठ-आठला. तोवर चाळीसेक गट येऊन थांबलेले असतात. आठ ते नऊ या तासात आणखी पन्नास येतात. म्हणजे या वेळात येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास रांगेत काढावा लागतो. नेसूची साडी, नव्या चपला, कडेवर पेंगुळलेलं मूल, हातात पाकीट, आणि समोर फक्त पुढच्या माणसाची पाठ. तुमच्या पाहुण्यांचा कंटाळा तिथे आहे. रांगेतून सुटला की माणूस आधी जेवायलाच जाणार, आणि जेवण झालं की त्याला ट्रेन दिसायला लागते. तेव्हा तुमचा प्रश्न मी असा वाचते: रांगेतल्या आणि खुर्चीतल्या माणसाला, जेवण आणि ट्रेन न चुकवता, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त कसं द्यायचं?

म्हणूनच स्टेजवर नवरा-नवरीला उभं करून खेळ घ्यायची कल्पना मी पहिल्यांदा बाजूला ठेवते. सुरुवातीच्या काळात ठाण्याच्या एका लग्नात मी स्टेजवर पंचवीस मिनिटं जोडीचे खेळ घेतले होते. पुढच्या चार ओळी पोट धरून हसत होत्या, मला वाटलं कार्यक्रम रंगला. रांग मात्र दारातून पायऱ्यांपर्यंत गेली होती. काठी टेकत आलेले एक वयस्कर गृहस्थ पाकीट भाच्याकडे देऊन न भेटताच परत गेले. रात्री नवरीने विचारलं, 'तात्या आले नव्हते का?' ते उत्तर देताना जे वाटलं ते अजून विसरले नाही. तेव्हापासून माझा नियम आहे की खेळामुळे रांग एक मिनिटही थांबता कामा नये.

तुमच्याकडे काय जमेल हे तीन गोष्टींवर ठरेल. एक, हॉलची मांडणी. दादर-परळच्या बऱ्याच जुन्या हॉलमध्ये स्टेजसमोर खुर्च्यांच्या ओळी असतात आणि जेवण वेगळ्या मजल्यावर असतं. तसं असेल तर पाहुणे दोन ठिकाणी विभागतात आणि एका माईकवर सगळ्यांना धरून ठेवता येत नाही. गोल टेबलं असतील तर काम पुष्कळ सोपं. दोन, बंद हॉल की मोकळं लॉन. मोकळ्या जागेत रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांमध्ये ते स्पष्ट आहे. बंद हॉलला आतल्या आत आवाज ठेवण्याची मुभा आहे, पण बरेच हॉल अकराला चावी मागतात. तीन, पाहुण्यांचा परतीचा रस्ता. बदलापूर, टिटवाळा, विरारची मंडळी साडेनऊनंतर घड्याळ बघायला लागतात. तुमच्या नाशिककरांना तर कसारा घाट चढून जायचं आहे. त्यांची बस साडेनऊला सुटेल असं धरूनच आखा. 'सगळे जमले की मग दहाला खेळ' असा बेत केलात तर तेव्हा हॉलमध्ये घरचेच तीस जण उरलेले असतील.

आता रांग मोडायची. दारात अत्तर आणि गुलाबपाणी जिथे देता तिथेच प्रत्येक गटाला एक रंगीत टोकन द्या. कार्डपेपरचे तुकडे पुरतात. केशरी टोकन वयस्कर, लहान बाळं असलेले आणि बाहेरगावचे यांना. मग पिवळं, हिरवं, गुलाबी, जसे येतील तसे. एका वेळी एकाच रंगाच्या लोकांना स्टेजकडे बोलवायचं, बाकीचे खुर्चीत. काही लोक तरीही रांगेत उभे राहतात, त्यांना अडवू नका. पण निम्मे जरी बसले तरी हॉलचा चेहरा बदलतो. केशरीवाले साडेआठच्या आत भेटून मोकळे झाले की नाशिकची बस वेळेत निघते आणि आजींचे गुडघेही वाचतात. हे सांभाळायला तुमच्या भावंडांतली दोन चुणचुणीत मुलं लागतील, दारात एक आणि स्टेजच्या पायरीशी एक. पायरीवरचा मुलगा जरा ठाम आवाजाचा निवडा.

जे रांगेत उभे राहतील त्यांच्यासाठी माझा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे टिकलीचा फळा. रांग जिथून जाते त्या भिंतीला दर पाच-सहा फुटांवर पांढरा पुठ्ठा लावा. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात एकच प्रश्न, आणि खाली दोन रकाने, एक तिच्या नावाचा, एक त्याच्या नावाचा. 'आधी रुसणार कोण?' 'चहा कोण चांगला करतं?' 'घराची चावी कोण विसरतं?' 'आधी सॉरी कोण म्हणणार?' शेजारी टिकल्यांची पाकिटं ठेवा. ज्याला जे वाटतं त्या नावाखाली टिकली लावायची. लिहावं लागत नाही, वाकावं लागत नाही, बोलावंही लागत नाही. तरी बोलणं होतंच, कारण नवरीची मैत्रीण 'चावी' या प्रश्नाला नवऱ्याच्या नावाखाली टिकली लावते आणि मागे उभी असलेली त्याची मावशी म्हणते, 'अगं नाही, आमचा फार व्यवस्थित आहे हो!' तिथून दोघींचं जे सुरू होतं ते पायरी येईपर्यंत संपत नाही. लाल, हिरव्या, चमकीच्या टिकल्यांनी भरलेले ते पुठ्ठे नंतर सुंदर दिसतात. तीन-चार जोडप्यांच्या घरी मी ते भिंतीवर लावलेले बघितले आहेत. प्रश्न सहाच ठेवा. त्यात पगार, मूल कधी, वजन, रंग यांपैकी काहीही नको.

रांगेच्या दुसऱ्या टप्प्यावर दोरी बांधून चिमट्यांनी जुने फोटो लावा. फक्त नवरा-नवरीचे बालपणीचे नकोत, ते सगळेच लावतात आणि सगळे ओळखतात. दोन्ही घरांतल्या थोरांचे तरुणपणीचे लावा. बेलबॉटममधले काका, दोन वेण्यांतली आत्या, शाळेच्या संचलनातले मामा. फोटोखाली नाव नको, फक्त आकडा. 'हे कोण, ओळखा पाहू.' गंमत अशी की तुमच्या काकांना ओळखणारे तुमच्याकडचेच असतात, त्यामुळे समोरच्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. आणि काका स्वतः तिथेच कुठेतरी उभे असतात! एक काळजी घ्या. फोटोंची यादी घरातल्या मोठ्यांना आधी दाखवा. एका लग्नात दोन वर्षांपूर्वी गेलेल्या दिरांचा फोटो कुणीतरी प्रेमानेच लावला होता. त्यांच्या पत्नीला कल्पना नव्हती. त्या तिथेच खाली बसल्या. बाबांचा फोटो लावायचा की नाही, हे फक्त आईला विचारून ठरवा. त्यांनी हो म्हटलं तर तो खेळात नको, स्टेजजवळ स्वतंत्र, हार घालून ठेवा.

खुर्चीत बसलेल्यांसाठी उखाण्यांसारखं दुसरं काही नाही. पण आपण ते वाया घालवतो. नवरीच्या तोंडासमोर माईक धरायचा, ती पाठ केलेला एक म्हणणार, सगळे 'वा वा' करणार, संपलं. मी अर्धा उखाणा खेळते. प्रत्येक टेबलावर, किंवा ओळी असतील तर प्रत्येक ओळीत, एका चिठ्ठीवर पहिली ओळ लिहून द्यायची. दुसरी ओळ त्या टेबलाने मिळून पुरी करायची, त्यात नवरा-नवरीची नावं आली तर उत्तम. पंधरा मिनिटं द्यायची. मग मी कॉर्डलेस घेऊन फिरते आणि तिथल्या तिथे वाचून घेते. 'नाशिकची द्राक्षं, दादरचा वडा' अशी एक ओळ मी मागे दिली होती. मोठी माणसं अजून विचार करत होती तोवर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उठून म्हणाला, 'ताई-भावजींनो, आता आम्हाला जेवायला सोडा!' पूर्ण हॉल हसला, आणि त्या टेबलावरचे चार अनोळखी लोक एकमेकांना टाळ्या देत होते. पहिल्या ओळी दोन्ही गावांच्या घ्या: गोदावरी, शिवाजी पार्क, फुलबाजार, पंचवटी, पुलावरची गर्दी. यमक सोपं ठेवा. शेवटी 'कृष्ण' आला की सगळे अडकून बसतात.

याच्यापुढचा भाग म्हणजे जुन्या जोड्यांना नाव घ्यायला लावणं, आणि तेही आजोबांना आधी. आपल्याकडे हा बायकांचा प्रांत समजतात, त्यामुळे सत्तरीचे आजोबा उठले की सगळ्यांचे मोबाइल खाली जातात. काहींना आयत्या वेळी सुचत नाही, म्हणून मी दोन-चार लिहून खिशात ठेवते. पुरुषांसाठी हा नेहमी चालतो:

दादरला बदलली गाडी, ठाण्याला मिळाली सीट,
सुमनचं नाव घेतो, आता तरी ऐका नीट.

आणि आजींसाठी:

फुलबाजारात शेवंती घेतली, भाव ठरला दहाला,
माधवराव अजूनही थांबतात माझ्यासाठी चहाला.

नावं अर्थात तुमच्या घरची घाला. कुणी नको म्हटलं तर माईक लगेच पुढे न्या. 'घ्या की, घ्या की' असा आग्रह दोनदापेक्षा जास्त केला तर तो त्रास होतो.

गाण्याच्या भेंड्या तुम्हाला कुणीही सुचवेल. पण वरपक्ष विरुद्ध वधूपक्ष असे गट पाडू नका. सुरुवातीला मजा वाटते, मग एखादे काका 'हे गाणं आधी झालंय' यावर अडून बसतात आणि नव्या नात्यात पहिल्याच दिवशी हार-जीत येते. मी गट रेल्वेवरून पाडते. वेस्टर्न, सेंट्रल आणि हार्बर. जो ज्या मार्गावर राहतो तो त्या गटात. दोन्हीकडची माणसं आपोआप मिसळतात. नवरीचा बॉस आणि नवऱ्याची आतेबहीण दोघं बोरिवलीचे निघतात, आणि आपली सकाळची गाडी एकच आहे असाही शोध लागतो. तुमच्या नाशिककरांचा चौथा गट करा आणि त्याचं नाव ठेवा 'पंचवटी'. पंचवटी एक्स्प्रेस त्या मंडळींच्या रोजच्या जगण्यातली आहे, नाव घेताच ओरडा होईल बघा. हा खेळ साडेआठला सुरू करून वीस मिनिटांत आटपा. खुर्च्यांच्या ओळी असतील तर मधल्या दोन ओळी समोरासमोर फिरवून घ्या, नाहीतर लोक एकमेकांच्या डोक्याकडे बघून गातात. 'ळ' किंवा 'ण' आला तर 'ल' आणि 'न' घ्यायचा हे आधीच सांगून टाका, त्यावरून वाद होतात. माईक शक्यतो नको. टाळ्यांवर गाणं जास्त रंगतं, आणि स्टेजवर चाललेल्या गाठीभेटींना आवाजाचा त्रासही होत नाही.

हाउजीबद्दल मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं, म्हणून त्याचंही सांगते. खेळ उत्तम आहे, लहानथोर सगळे खेळतात. पण एका तिकिटावर पंधरा आकडे, नव्वदपैकी एकेक आकडा पुकारायचा, जल्दी पाचपासून फुल हाउसपर्यंत माझ्या अनुभवात पंचवीस ते तीस मिनिटं जातात. तेवढा वेळ माणसाने एका जागी बसून कान देऊन ऐकायला हवं. बुफे चालू असताना ते शक्य नाही. हातात ताट, तिकीट आणि पेन एकदम कुणालाच धरता येत नाही, आणि शंभर पेनं आणायची कुठून? हाउजी तुम्ही आदल्या दिवशी हळदीला किंवा मोठ्या केळवणाला ठेवा. तिथे आकडे घरच्या गोष्टींशी जोडून पुकारा. आजीचं वय, जुन्या खोलीचा नंबर, ज्या बसने शाळेत जात होतात तिचा नंबर. तिकिटाला पैसे मात्र लावू नका. बक्षिसं घरची ठेवा.

मंगळागौरीचे खेळ हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे इथे जरा थांबते. हल्ली रिसेप्शनला आमच्यासारखे गट बोलावतात. झिम्मा, पिंगा, फुगड्या बघायला फार सुंदर दिसतात. तुमच्या बहिणीची पहिली मंगळागौर श्रावणात येईलच, तिचा खरा मान तेव्हा. रिसेप्शनला करायचेच असतील तर सात-आठ मिनिटं, स्टेजवर नाही, खुर्च्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. एका फुगडीला सहा-सात फुटांचं मोकळं वर्तुळ लागतं. आणि खाली सतरंजी किंवा सैल कार्पेट अजिबात नको. एका हॉलमध्ये गुळगुळीत लादीवर नुसतंच पसरलेलं कार्पेट फुगडीच्या वेगात सरकलं, दोघी आपटल्या, एकीचं मनगट मुरगळलं. तेव्हापासून मी आधी पायाने कार्पेट सरकवून बघते, मगच जागा ठरवते. पाहुण्यांना सामील करून घ्यायचं असेल तर सवाल-जवाबाचे खेळ घ्या. 'नाच गं घुमा' म्हटलं की 'कशी मी नाचू' हे उत्तर साठीच्या बायका खुर्चीत बसून ठसक्यात देतात. तिथे त्यांना उठवायची गरजच नसते. पैठणी नेसून, उंच टाचा घालून आलेल्यांना हाताला धरून ओढू नका.

आपले लग्नानंतरचे घरगुती खेळ, म्हणजे हळदीच्या पाण्यातली अंगठी शोधणं, मुठीतली सुपारी सोडवणं, विड्याचं पान दातांनी तोडणं, यातला एकच मी रिसेप्शनला घेते, अंगठीचा. तोही रांग सुरू होण्यापूर्वी, पाच मिनिटांत. हळदीचं पाणी नको. शालू आणि ब्लेझरच्या बाह्या पिवळ्या झाल्या तर पुढच्या शंभर फोटोंत ते डाग दिसतात. परातीत झेंडू-गुलाबाच्या पाकळ्या भरा आणि त्यात अंगठी टाका. तीन डाव. आणि दोन्ही आजींना परात धरायला बसवा, त्यांना इतकं जवळून बघायला मिळालं की त्याच सगळ्यात जास्त ओरडतात. विडा घरी ठेवा. घरच्या दहा माणसांत जे गोड वाटतं ते ऑफिसच्या साहेबांसमोर मुलीला नकोसं होतं.

मुलांसाठी कोपरा करतात, फुगे आणि जादूगार. बजेट असेल तर करा, पण बुफेच्या शेगड्यांपासून आणि जिन्यापासून लांब. मी मुलांना काम देते. सात ते बारा वयाची सहा-आठ मुलं घ्यायची, प्रत्येकाला वही-पेन्सिल, छातीवर 'वार्ताहर' असा बिल्ला. साठीच्या वरच्या प्रत्येक पाहुण्याला एकच प्रश्न विचारून उत्तर लिहून आणायचं: 'तुमच्या लग्नात जेवायला काय होतं?' मुलं अर्धा तास गुंतून राहतात, आणि कोपऱ्यात एकट्या बसलेल्या आजीपाशी पहिल्यांदा कुणीतरी येऊन बसतं. उत्तरं काय काय येतात! कुणी म्हणतं जिलबी आणि मठ्ठा, कुणी सांगतं चाळीच्या गच्चीवर तीन पंगती उठल्या, एक आजोबा म्हणाले होते की साखरेचं परमिट मिळेना म्हणून गुळाचा शिरा केला. त्यातली पाच-सहा उत्तरं मी नऊच्या सुमारास मोठ्याने वाचते. ज्यांचं वाचलं जातं त्यांच्याकडे सगळे वळून बघतात. त्या दोन मिनिटांसाठी मी हा खेळ कधीही वगळत नाही.

संगीत खुर्ची, फुगे फोडणं, वर्तमानपत्रावर नाचणं, नवऱ्याने नवरीला उचलणं, सासू-सुनेची प्रश्नमंजूषा, हे मी घेत नाही. संगीत खुर्चीत साड्या अडकतात आणि कव्हर घातलेल्या खुर्च्या घसरतात, हे एक. बाकीच्यांत कुणातरी एकाच्या संकोचावर सगळे हसतात. त्या मुलीला उद्यापासून त्याच माणसांच्या घरात वावरायचं असतं.

आता आईंबद्दल. टीव्हीवरचे पैठणीचे खेळ लोकप्रिय झाल्यापासून माईकवर 'चला, सगळ्या सवाशिणींनी पुढे या' म्हणायची सवय आमच्या व्यवसायात पसरली आहे. मीही म्हणत असे. एकदा नवरीची आई, जिने एकटीने मुलीला वाढवून ते लग्न उभं केलं होतं, ती ही हाक ऐकून भिंतीकडे सरकली. मी ते बघितलं आणि तो शब्द माझ्या तोंडून कायमचा गेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, मग आपण दादरच्या हॉलमध्ये मागे का राहायचं? तुमच्या निवेदकाला, किंवा माईक धरणाऱ्या भावाला, हे आधी स्पष्ट सांगून ठेवा. हळदीकुंकू, गजरा, खेळ, सगळ्यासाठी 'सगळ्या जणींनी या' एवढंच म्हणायचं. बक्षिसं आईंच्याच हातून द्या. अंगठीच्या खेळात परातीत अंगठी त्यांनी टाकावी. आणि उखाण्यांच्या वेळी त्यांना बाबांचं नाव घ्यायचं आहे का, हे चार दिवस आधी, घरी, तुम्ही दोघी असताना विचारा. काही जणींना ते हवं असतं आणि कुणी विचारत नाही. काहींना अजिबात नको असतं. माईक समोर आल्यावर त्यांना ठरवायला लावू नका.

बक्षिसं छोटी ठेवा, पर्समध्ये मावतील आणि लोकलच्या गर्दीत फुटणार नाहीत अशी. फुलबाजारातून सकाळीच आणून ओल्या कापडात ठेवलेले मोगऱ्याचे गजरे मिळाले तर तेच घ्या, ते संध्याकाळपर्यंत छान टिकतात. डिसेंबरात मोगरा महाग आणि कमी असतो, मग अबोली-शेवंतीवर जा. पुरुषांसाठी आलेपाकाच्या वड्या किंवा पेढ्याच्या छोट्या पुड्या. पुठ्ठे, कार्डपेपर, बिल्ले, पेन्सिली हे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक भावात मिळतं. टिकल्या कुठेही. मी हे सगळं सामान मिळून दोन-अडीच हजारांत बसवते, गजरे वेगळे.

वेळ अशी धरा. सातला दार उघडेल तेव्हा फळे, फोटोंची दोरी आणि टोकनं तयार हवीत. मुलांना सव्वासातला वह्या द्या. जोडी स्टेजवर आली की आधी अंगठी, मग लगेच केशरी टोकन. सव्वाआठला अर्ध्या उखाण्याच्या चिठ्ठ्या वाटा, साडेआठला भेंड्या, आणि भेंड्या संपताच उखाणे वाचून घ्या. नऊला मुलांची उत्तरं. त्यानंतर काहीही ठेवू नका, फक्त मंद सनई आणि जेवण. नाशिककर निघताना नवरा-नवरीने दोन मिनिटं स्टेजवरून उतरून बसपर्यंत जावं. एखादा खेळ अर्धवट राहिला तर राहू द्या. लग्न रविवारी असेल तर मेगाब्लॉक बघून ठेवा, सकाळच्या मुहूर्ताला येणारे त्यात अडकतात आणि मग सगळंच पुढे सरकतं.

साउंडवाल्याला एक निरोप आठवणीने द्या: एक स्पीकर हॉलच्या मागच्या अर्ध्या भागात हवा आणि दोन कॉर्डलेस माईक नव्या सेलसकट हवेत. सगळा आवाज पुढून आला की पुढच्यांचे कान फुटतात आणि मागच्यांना काहीच कळत नाही.

एवढं वाचून हॉलची मांडणी सांगा. स्टेजची पायरी कुठल्या बाजूला आहे, रांग दारातून कुठल्या भिंतीने जाते, जेवण त्याच मजल्यावर आहे की वर. ते कळलं की टिकलीचे फळे नेमके कुठे लावायचे ते सांगते. आणि पहिल्या ओळी मी लिहून देईन, फक्त नवरा-नवरीची नावं आणि दोघांची जन्मगावं कळवा.